आरएनए औषध पेशीपर्यंत पोहोचत नाही? या चुका टाळा

सोलापुरात एमएस्सी आणि एम.फार्म.च्या मुलांचे सेमिनार ऐकताना आरएनए औषधांबद्दल एक प्रश्न हमखास कानावर येतो: रेणू तर टिकाऊ केला, मग तो पेशीत का जात नाही? टिकणं आणि पोहोचणं ही दोन वेगळी कामं आहेत. बहुतेक चुका ती एकच मानल्यामुळे होतात.

एसआय-आरएनए म्हणजे ठरावीक जीन दबवणारा छोटा आरएनए. त्याच्या दोन साखळ्या असतात, प्रत्येकी साधारण २१ न्यूक्लिओटाइडची, म्हणजे आरएनएच्या तेवढ्या कड्यांची. वजन १३ हजार डाल्टनच्या आसपास आणि अंगावर सुमारे ४० ऋण भार. तो नुसता रक्तात सोडला तर न्यूक्लिएज, म्हणजे आरएनए तोडणारी एन्झाइम्स, त्याचे तुकडे करतात आणि मूत्रपिंड तो झटपट गाळून टाकतं. न्यूक्लिओटाइडमधल्या साखरेच्या टू-प्राइम जागी (दुसऱ्या कार्बनवर) ओ-मिथाइल किंवा फ्लोरो गट बसवला की न्यूक्लिएजचा त्रास कमी होतो. टोकांना फॉस्फोरोथायोएट जोड दिले, म्हणजे फॉस्फेटमधल्या एका ऑक्सिजनच्या जागी गंधक आणला, तर टोकाकडून कुरतडणं थांबतं. पण यातलं काहीच एवढा भारित रेणू पेशीपटलातून आत नेत नाही.

मग काही जण दिसेल तिथे बदल करत सुटतात. आजच्या औषधांत जवळपास प्रत्येक न्यूक्लिओटाइड बदललेला असतो हे खरं, पण कुठे मिथाइल आणि कुठे फ्लोरो हे विचार करून ठरवलेलं असतं. दोन साखळ्यांपैकी लक्ष्य एमआरएनए ओळखणारी ती गाइड साखळी. ती आर्गोनॉट-२ या एमआरएनए कापणाऱ्या प्रथिनात नीट बसली पाहिजे. तिच्या २ आणि १४ क्रमांकाच्या जागांना मोठा गट सहसा मानवत नाही, तिथे छोटा फ्लोरो चालतो. फाइव्ह-प्राइम टोकाला फॉस्फेट लागतं. गंधक फार झाला की रेणू भलत्याच प्रथिनांना चिकटतो आणि विषारीपणा वाढतो. परिणाम अचानक गायब झाला तर आधी गाइड साखळीचा आराखडा उघडून बघा.

उलटी चूकही तितकीच महागात पडते: पोहोचवण्याची सोय केली, पण रेणू पुरेसा टिकाऊ केला नाही. गॅलनॅक ही साखर जोडली की यकृतपेशींवरचा एशिअलोग्लायकोप्रोटीन रिसेप्टर (रेणू पकडणारं प्रथिन) तिला ओळखून आत ओढतो. पण रेव्ह्युसिरान या गॅलनॅक औषधाची रसायनरचना आजच्याइतकी टिकाऊ नव्हती, त्यामुळे आठवड्याला ५०० मिलिग्रॅम द्यावं लागे. औषध घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त दिसल्याने २०१६ मध्ये ते थांबवलं गेलं. मृत्यूंचं कारण औषधच होतं, हे मात्र निश्चित झालं नाही. इन्क्लिसिरान या कोलेस्टेरॉलवरच्या औषधातही गॅलनॅकच आहे, पण रेणू भक्कम असल्यामुळे सुरुवातीचे दोन डोस झाले की २८४ मिलिग्रॅमचं इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदा पुरतं.

मात्र गॅलनॅक यकृतासाठी आहे. स्नायू किंवा मेंदूच्या प्रकल्पात तो घालून यशाची वाट पाहू नका. स्नायूंसाठी ट्रान्सफेरिन रिसेप्टरला धरणारी अँटिबॉडी जोडतात. मेंदूसाठी १६ कार्बनची मेदसाखळी वापरून पाहिली जाते, तरी औषध मणक्यातून द्यावं लागतं. २०१६ मध्ये मान्यता मिळालेलं नुसिनरसेन हे वेगळ्या प्रकारचं औषधही मणक्यातूनच देतात.

सर्वात फसवी चूक चाचणीत होते. लिपोफेक्टामाइन, म्हणजे आरएनएला पेशीत ढकलणारं मेदयुक्त रीएजंट, वापरून जीन दबला की मुलं खूश होतात, पण तिथे पेशीत शिरण्याचं काम लिपोफेक्टामाइनने केलेलं असतं. तुमच्या रसायनाची परीक्षा झालेलीच नसते. गॅलनॅक तपासायचा तर रीएजंटशिवाय आणि प्राथमिक यकृतपेशींवर तपासा. हेप-जी-२ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या यकृत-कर्करोगपेशींमध्ये तो रिसेप्टर कमी असतो, म्हणून तिथे परिणाम दिसला नाही एवढा पुरावा पुरेसा नाही. आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशीत चमकणारे ठिपके दिसले म्हणून औषध पोहोचलं असं लिहू नका. ते बहुधा एंडोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या पटलाच्या पिशवीत, अडकलेलं असतं, जेमतेम एखादा टक्का बाहेर निसटतो. खरं उत्तर क्यूपीसीआर या चाचणीने लक्ष्य एमआरएनए किती उरला हे मोजल्यावरच मिळतं.

आणि मे महिन्यात आरएनएचं पार्सल उन्हातून आलं म्हणून घाबरू नका. कोरडी पावडर काही दिवस सामान्य तापमानात टिकते. धोका ती विरघळवल्यावर सुरू होतो: घामेजल्या हातांवर आरएनेज हे आरएनए तोडणारं एन्झाइम असतं आणि ऑटोक्लेव्हनेही ते पूर्ण मरत नाही. हातमोजे वारंवार बदला, न्यूक्लिएजमुक्त पाणी वापरा, आणि द्रावणाचे छोटे भाग करून उणे २० अंशांवर ठेवा.