चावी हातात पडण्यापूर्वीचा अर्धा तास

घर सोडून शहरात येणाऱ्या मुलांना वरण-भात लावणे, कपडे वेळेवर धुणे, महिन्याचे पैसे महिनाभर पुरवणे या गोष्टी फार कोणी शिकवाव्या लागत नाहीत. दोन वेळा भात करपला आणि एकदा महिन्याच्या बावीस तारखेला खिसा रिकामा झाला की त्या आपोआप अंगवळणी पडतात. भाड्याने घर घेण्याचे तसे नाही. ते माणूस दोन-तीन वर्षांतून एकदा करतो, त्यात चूक झाली तर ती आठ-दहा महिन्यांनी कळते आणि तोवर दुरुस्तीची वेळ टळून गेलेली असते. माझी ही चूक साडेचोवीस हजार रुपयांना पडली. ती कशी झाली हे मी तपशिलाने सांगणार आहे, कारण पुण्यात दर जून-जुलैत नव्याने येणारी मुले नेमकी तीच करताना मला अजूनही दिसतात.

मी २०१६ च्या जूनमध्ये सेलूहून पुण्याला आलो, तेव्हा एसटी शिवाजीनगरलाच थांबत असे, स्थानक वाकडेवाडीला हललेले नव्हते. पहिले वर्ष नवी पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली फक्त एक कॉट भाड्याने घेऊन, काढले. चार कॉट, एक लोखंडी कपाट, भिंतीतल्या एकाच प्लगवर चार चार्जर, आणि खाली अभ्यासिका. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना हे जग नव्याने सांगायला नको. कॉट बेसिसला कागदपत्र असे काही नसतेच. एका महिन्याचे भाडे आगाऊ द्यायचे आणि सामान टाकायचे. अनामत लहान असल्यामुळे तिथे फसवणूक झाली तरी ती सोसण्यासारखी असते. माझ्या मते पहिल्या वर्षी प्रत्येकाने कॉट बेसिसवरच राहावे. शहर कळते, माणसे कळतात आणि आपल्याला कोणाबरोबर राहता येत नाही, हेही कळते.

वर्षभराने आम्ही तिघा मित्रांनी सिंहगड रस्त्यावर एक वन बीएचके घेतला. भाडे ९,००० आणि अनामत ३०,००० रुपये, म्हणजे प्रत्येकी दहा हजार. घर एका ओळखीच्या माणसाने दाखवले होते, त्यामुळे दलालीचे एक महिन्याचे भाडे वाचले, म्हणून आम्ही खूश होतो. इथे माझे एक ठाम मत नोंदवतो, ते पटले नाही तरी चालेल. एजंटापेक्षा ओळखीचा माणूस अधिक धोक्याचा असतो. एजंट पैसे घेतो हे माहीत असल्यामुळे आपण त्याच्यासमोर डोळे उघडे ठेवतो. ओळखीच्या माणसासमोर मात्र नळ सोडून पाहायचीसुद्धा लाज वाटते, कारण तसे करणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे उगाचच वाटत राहते.

मालकांनी १०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर अकरा महिन्यांचा करार टाइप करून आणला, कोपऱ्यावरच्या नोटरीकडून त्यावर शिक्का मारून घेतला आणि तिघांपैकी फक्त माझे नाव त्यात घातले, कारण त्या दिवशी आधार कार्डाची झेरॉक्स फक्त माझ्याजवळ होती. वीस हजार रोख दिले आणि दहा हजार बँकेतून पाठवले. रोख रकमेची पावती मागायची राहून गेली. अभ्यासिकेतल्या एका सीनियरला मी कागद दाखवला, तर तो न वाचताच म्हणाला, “सगळीकडे असंच असतं रे, अभ्यासाकडे लक्ष दे.” सीनियर मंडळींविषयी मला आदर आहे, त्यांच्या नोट्सवरच मी अभ्यास केला; पण जो स्वतः कधी फसलेला नाही आणि ज्याने कागद वाचलेला नाही, त्याचा “असंच असतं” हा सल्ला आपले पैसे पणाला लावून ऐकण्याच्या लायकीचा नसतो.

एप्रिल २०१८ च्या शेवटी आम्ही घर सोडले, तेव्हा मालकांनी एका पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. रंगकामाचे १२,०००. लेखी नोटीस न दिल्याबद्दल एका महिन्याचे भाडे ९,०००. वास्तविक मार्चअखेरीस जिन्यात भेटल्यावर मी त्यांना तोंडी सांगितले होते आणि ते “बरं बरं” म्हणाले होते. गिझर आणि बाथरूमच्या नळाचे २,५००. शेवटच्या वीजबिलापोटी १,०००. हातात उरले साडेपाच हजार. रंगकामाचे मुख्य कारण म्हणजे स्वयंपाकघराच्या ओट्यामागची ओल. आम्ही राहायला गेलो तेव्हा तिच्यावर ताज्या डिस्टेंपरचा हात होता आणि ऑगस्टच्या पावसात त्याचे पोपडे सुटू लागले होते. ती ओल वरच्या मजल्यावरच्या मोरीतून येत होती, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते. पण राहायला आलो त्या दिवशीचा त्या भिंतीचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता. त्या दिवशी काढलेले फोटो होते आमचे स्वतःचे, रिकाम्या हॉलमध्ये गाद्यांवर उड्या मारतानाचे.

गावी गेल्यावर मामांना हे सांगितले. मामा तहसील कचेरीबाहेर दस्त लिहीत असत. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “भाच्या, कागद कुठाय?” मी स्टॅम्पपेपरची झेरॉक्स पुढे केली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, “हा कागद नाही, हा स्टॅम्प आहे.”

त्यांच्या या एका वाक्याचा अर्थ समजून घ्यायला मला बरेच वाचावे लागले, म्हणून तो इथे सविस्तर सांगतो. देशभर अकरा महिन्यांचे करार होतात, कारण १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो आणि अकरा महिन्यांत ती कटकट टळते. ही युक्ती महाराष्ट्रात लागू पडत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार (म्हणजे मालकाने ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला दिलेली परवानगी) लेखी असावा लागतो आणि तो नोंदवावाच लागतो, मग मुदत अकरा महिन्यांची असो वा तीन. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी दुय्यम निबंधकांकडे (सब-रजिस्ट्रार) होते, आणि आता ती घरबसल्या ऑनलाइनही होते. दोन्ही पक्षांचा आणि साक्षीदारांचा अंगठा व फोटो घेतला जातो आणि नोंदणी क्रमांक असलेला दस्त हातात येतो. ही नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने भाडेकरूवर नव्हे, मालकावर टाकलेली आहे. मालकाने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

आता मला आजही टोचणारी गोष्ट. त्याच कलमात पुढे असे म्हटले आहे की नोंदलेला करार नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिले होते याबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाईल आणि ते खोटे असल्यास तसे सिद्ध करण्याचा भार समोरच्यावर राहील. म्हणजे त्या पाठकोऱ्या हिशेबासमोर मी मान खाली घालून उभा होतो, तेव्हा कायदा माझ्या बाजूने उभा होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मालक म्हणत होते, “सही तुमचीच आहे ना?” आणि मी “हो” म्हणत होतो. तेवढे एक कलम ठाऊक असते, तर निदान “लेखी नोटिशीची अट आम्हाला मान्य नव्हती, नोंदलेला करार दाखवा,” एवढे तरी मी म्हणू शकलो असतो. कोर्टात जाण्याची गरज बहुधा पडली नसती. हिशेब निम्म्यावर आला असता.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. मालक स्वतः त्याच घरात राहत असेल आणि त्यातली एखादी खोली तुम्हाला दिली असेल, तर कायद्याच्या भाषेत तुम्ही पेइंग गेस्ट ठरता, आणि लायसन्सधारकाच्या, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याच्या, व्याख्येतून पेइंग गेस्टला वगळलेले आहे. अशा ठिकाणी कलम ५५ वर विसंबू नये. तिथे साध्या कागदावर का होईना, रक्कम आणि परतीची अट लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

नोंदणी खर्चिक असते असा समज मुद्दाम पसरवला जातो. आमचेच गणित मांडतो. अकरा महिन्यांचे भाडे ९९,०००. परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला दहा टक्के दराने व्याज धरायचे, म्हणजे ३,०००. एकूण १,०२,००० वर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे जेमतेम अडीचशे-तीनशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. त्यावर दस्त हाताळणीचे शुल्क आणि घरी यंत्र घेऊन येणाऱ्या माणसाची फी. तिघांत वाटले असते तर एका आठवड्याच्या मेसच्या पैशात काम झाले असते. इंटरनेटवरून उतरवलेला आयता मसुदा वापरून हाही खर्च वाचवू पाहणाऱ्यांना माझी विनंती आहे की तसे करू नका. ते मसुदे बहुतेक परराज्यांतले असतात, आणि “अकरा महिने असल्याने नोंदणीची आवश्यकता नाही” हे वाक्य त्यांत हमखास सापडते.

करारात काय असावे, हे बहुतेकांना माहीत असते; पण तीन वाक्ये मी आता स्वतः घालून घेतो. पहिले असे की अनामत चावी परत दिल्यापासून सात दिवसांत बँक खात्यात परत मिळेल. दुसरे, रोजच्या वापराने होणारी झीज, रंग मळणे आणि इमारतीतली गळती यांपोटी कपात होणार नाही. तिसरे, नोटीस दोन्ही बाजूंनी एक महिन्याची राहील आणि ती व्हॉट्सॲपवर दिलेली चालेल. राहणाऱ्या सगळ्यांची नावे करारात हवीत. माझ्या एकट्याच्या नावामुळे काय झाले ते पुढे सांगतो. लॉक-इनची मुदत, म्हणजे जेवढे महिने घर सोडता येत नाही ती, लिहिलेली असेल तर ती किती महिन्यांची आहे हे सही करण्यापूर्वी बोटाने दाखवून विचारा. नोकरीचे पत्र कधी येईल हे आपल्या हातात नसते.

आणि मग तो अर्धा तास. चावी घेण्यापूर्वी, मालक समोर असताना, फोनचा कॅमेरा चालू करून दारापासून सुरुवात करावी. प्रत्येक भिंत, ओट्याखालचा कोपरा, खिडक्यांच्या काचा, बाथरूमच्या दाराची खालची कड (ती पाण्याने फुगलेली असतेच), फ्लश, प्रत्येक नळ सोडून, गिझर दहा मिनिटे चालवून, पंखे पाचवर. वीजमीटरच्या आकड्याचा फोटो घ्यावा. महावितरणचे मागचे बिल मागून त्यावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि थकबाकीचा रकाना पाहावा, कारण आधीच्या भाडेकरूची थकबाकी मीटरवर तशीच राहते आणि वीज तोडायला माणूस येतो तो तुमच्या दारात. एकाच मीटरवर दोन-तीन खोल्या असतील तर जास्त जपावे. युनिट एकत्र मोजले गेले की बिल वरच्या दराच्या टप्प्यात जाते आणि कमी वीज वापरणाऱ्यालाही तो दर भरावा लागतो. हे सगळे चित्रण त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवून खाली एक ओळ लिहावी: “आज घर ताब्यात घेतले, त्या वेळची स्थिती.” त्या दोन निळ्या खुणांचे मोल मला फार उशिरा कळले.

हे करताना अवघडल्यासारखे होईल. एकविसाव्या वर्षी वडिलांच्या वयाच्या माणसासमोर नळ तपासणे मलाही जमले नसते. पण माझा पुढचा अनुभव असा आहे की सरळ माणूस याचा राग धरत नाही. बहुतेक मालक हे निवृत्तीच्या पैशातून एक जादा फ्लॅट घेतलेले लोक असतात आणि मुले घराची नासाडी करतील या धास्तीने ते आपल्याहून अधिक घाबरलेले असतात. तुम्ही फोटो काढलेत तर त्यांनाही बरेच वाटते. नोंदणीचे नाव काढताच “मग दुसरं घर बघा” म्हणणारा मालक भेटला, तर मात्र घर कॉलेजपासून कितीही जवळ असो, दुसरेच बघावे.

आणि आधीच फसले असाल तर हातपाय गाळू नका. मालकाला आकडे मांडून लेखी पत्र स्पीड पोस्टाने (रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झाले), पोचपावतीसह पाठवा. निम्मी प्रकरणे त्या पोचपावतीवरच हलू लागतात असे मामा म्हणतात, आणि त्यांच्या शब्दावर माझा विश्वास आहे. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. मुली आणि अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी यांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत मदत मिळते; इतर बहुतेकांसाठी उत्पन्नाची मर्यादा असते.

मी २०१९ मध्ये धनकवडीत घेतलेल्या घराचा करार नोंदवला होता. अडीच वर्षांनी ते सोडताना त्या मालकांनीही भिंतीवरच्या एका डागाकडे बोट दाखवले. मी फोन काढून पहिल्या दिवशीचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो नीट पाहिला, “हो, हा आमच्याच वेळचा,” म्हणाले, आणि पंखे पुसून घेण्याचे सहाशे रुपये कापून उरलेली अनामत त्याच रात्री पाठवली.

सिंहगड रस्त्यावरच्या घराचा हिशेब मात्र अजून मिटलेला नाही. करारात माझे एकट्याचे नाव असल्यामुळे फेब्रुवारीत सोडून गेलेल्या मित्राला त्याचे दहा हजार मी उसने घेऊन पदरचे दिले होते, कारण मालक म्हणाले होते की त्यांचा व्यवहार फक्त माझ्याशी आहे. पुढे कपात झाली तेव्हा रंगकामाचा वाटा त्याने द्यावा की नाही, यावर आम्हा तिघांत वाद झाला. राहिलेल्या दुसऱ्या मित्राचे म्हणणे असे की माझ्याकडून त्याला दोन हजार येणे आहे. माझ्या वहीप्रमाणे त्याच्याकडूनच मला दीड हजार येणे आहे. आमच्या तिघांमध्येही कागद नव्हता.