बोलीतल्या शब्दाचा माग कसा काढावा

एखाद्या टपोरी शब्दाचे मूळ शोधताना आधी तो छापील स्वरूपात सर्वांत जुना कुठे सापडतो हे पाहावे, कारण ऐकीव व्युत्पत्ती पुराव्यापेक्षा नेहमीच चटकदार असते. ‘ओके’चे उदाहरण बोलके आहे. त्याविषयी नाना कथा प्रचलित होत्या. परंतु ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने १९६० च्या दशकात जुन्या वृत्तपत्रांच्या आधारे दाखवून दिले की, २३ मार्च १८३९ रोजी ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये तो ‘ऑल करेक्ट’च्या मुद्दाम चुकवलेल्या स्पेलिंगची (oll korrect) आद्याक्षरे म्हणून छापला गेला होता. अशा थट्टेखोर संक्षेपांची तेव्हा टूमच निघाली होती. बाकीचे बहुतेक विरले. हा टिकला, कारण पुढच्याच वर्षी ‘ओल्ड किंडरहुक’ या टोपणनावाच्या मार्टिन व्हॅन ब्युरन या तत्कालीन अमेरिकी अध्यक्षांच्या समर्थकांनी तीच अक्षरे निवडणूक प्रचारात वापरली.

मराठी शब्दासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ प्रथम उघडावा. मात्र कोशात नाही म्हणजे बोलण्यात नव्हता, असे समजू नये. कोशकार पुष्कळदा असभ्य शब्द गाळतात.

अर्थबदल तपासताना प्रत्येक नोंदीसोबत वर्ष, पूर्ण वाक्य आणि कोण कोणाला म्हणाले हे टिपावे. थोरल्या भावासाठीचा ‘दादा’ गुंडालाही लागू झाला, तरी घरातला दादा दादाच राहिला. ‘दादागिरी’ मात्र केवळ नव्या अर्थावर बेतलेली आहे. म्हणून असे साधित शब्द, म्हणजे मूळ शब्दाला प्रत्यय लागून झालेले शब्द, वेगळे नोंदवावेत.