रतनवाडी ते साम्रद : घाटमाथ्यावरची जुनी गावे पायी कशी पाहावीत

भंडारदऱ्याला येणारे बहुतेक पर्यटक धरणाला गाडीने वळसा घालतात, रतनवाडीत अमृतेश्वराच्या मंदिरापाशी फोटो काढण्यापुरते थांबतात, साम्रदला सांधण दरीच्या तोंडाशी गर्दी करतात आणि संध्याकाळी परततात. अशा फिरण्यात गाव ही केवळ गाडी लावण्याची जागा ठरते. वास्तविक अकोले तालुक्याच्या या पश्चिम टोकाला रतनगडाच्या पायथ्याशी वसलेली रतनवाडी, कोलटेंभे, साम्रद, घाटघर, उडदावणे ही गावे स्वतःच पाहण्यासारखी आहेत. ती पाहण्याची माझ्या मते सर्वांत चांगली रीत म्हणजे पाण्यामागे चालणे. पाणी कुठे उगम पावते, कुठे अडवले जाते आणि कुठे नाहीसे होते, हे लक्षात ठेवून फिरले की देऊळ कुठे बांधले गेले, शेत कुठे काढले गेले आणि वाडी कुठे वसली, याचे कारण बहुतेक वेळा पाहणाऱ्याला आपोआप उलगडते.

मुंबईहून यायचे असल्यास कसारा किंवा इगतपुरीपर्यंत रेल्वेने येऊन पुढे घोटी आणि बारी या मार्गाने शेंडीला पोहोचता येते. पुण्याकडून येणारे संगमनेर, अकोले, राजूर या रस्त्याने येतात. शेंडी हे धरणाजवळचे बाजाराचे गाव असून औषधे, रोख पैसे आणि गाडीचे इंधन यांची व्यवस्था इथपर्यंतच करून घ्यावी, कारण पुढच्या वाड्यांत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही आणि त्यामुळे फोनवरून पैसे देता येतीलच असेही नाही. हा सगळा परिसर १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्यात येतो. त्यामुळे वनविभागाच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरून पावती घ्यावी आणि ती परत येईपर्यंत जपून ठेवावी.

मुक्कामासाठी धरणाच्या काठावरच्या तंबूंपेक्षा गावातले घर निवडावे, असे मी आग्रहाने सांगेन. तंबूत राहणाऱ्याला जलाशय दिसतो, गाव मात्र दिसत नाही; शिवाय शनिवारच्या रात्री तिथे वाजणाऱ्या ध्वनिक्षेपकांनी जंगलात येण्याचा हेतूच संपतो. रतनवाडी आणि साम्रद या दोन्ही गावांत घरगुती जेवणाची व राहण्याची सोय होते. येण्याआधी फोन करून माणसे किती, जेवण कोणते आणि सोबत वाटाड्या हवा की नको, हे ठरवून घ्यावे. आयत्या वेळी दहा जणांनी दारात उभे राहणे घरच्या बाईवर अन्याय करणारे असते. जेवणात पनीर मागू नये. नागलीची किंवा तांदळाची भाकरी, खुरासणीची म्हणजे कारळ्याची चटणी, वरईचा भात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला आलात तर शेवळ, चाई, करटुली यांसारख्या रानभाज्या, हे इथले खरे जेवण आहे. बियाण्यांच्या जतनासाठी २०२० साली पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या आहेत, हे माहीत असले की ताटातल्या भाताचे वाण कोणते, असे विचारावेसे वाटते. तसे विचारावेच, कारण त्या उत्तरातून शेतीबद्दलच्या गप्पा सहज सुरू होतात.

पहिल्या दिवसाची सुरुवात रतनवाडीतून, तीही सकाळी लवकर करावी. मंदिराकडे जाण्याआधी पुष्करिणी पाहावी. चारही बाजूंनी दगडी बांधणी असलेल्या या चौरस कुंडाच्या भिंतींत देवकोष्ठे, म्हणजे मूर्तींसाठीचे कोनाडे, असून त्यांतील बहुतेकांत विष्णुमूर्ती आहेत. कुंडात उतरून पाय धुण्याचा मोह आवरावा. तिथून पुढे अमृतेश्वराचे मंदिर आहे. भूमिज पद्धतीचे शिखर असलेले हे शिलाहारकालीन मंदिर झंझ राजाने बांधल्याची परंपरा आहे, आणि त्याच परंपरेनुसार त्याने नद्यांच्या उगमांजवळ बारा शिवमंदिरे उभारली. शिखरावर लहान शिखरांच्या प्रतिकृती एकावर एक रचलेल्या दिसतात. त्यांच्या उभ्या रांगा आणि मधले नक्षीचे पट्टे दुरून, तिरप्या उन्हात पाहिले तर रचना स्पष्ट कळते. गाभाऱ्याला पुढून आणि मागूनही दार आहे, ही या मंदिराची खास गोष्ट. म्हणून समोरून दर्शन घेऊन न परतता देवळाला पूर्ण प्रदक्षिणा घालून मागची बाजूही पाहावी. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरते आणि पिंड पाण्याखाली जाते. उगमाजवळच्या देवळाच्या बाबतीत हे अनपेक्षित नाही, कारण प्रवरा नदी याच रतनगडाच्या कुशीत उगम पावते आणि देवळाशेजारून वाहत पुढे जलाशयात शिरते.

देवळानंतर गावातून हळूहळू चालावे. जुन्या घरांच्या भिंती कुडाच्या असतात, म्हणजे कारवीच्या काड्या उभ्या बांधून त्यांवर शेणमातीचा लेप दिलेला असतो. आता बऱ्याच ठिकाणी वीटकाम आणि पत्रे आले आहेत, तरी गोठ्याच्या किंवा पडवीच्या बाजूला कूड अजून टिकून आहे. ज्या कारवीने भिंत उभी राहते तीच कारवी वरच्या उतारांवर माती धरून ठेवते आणि सात-आठ वर्षांतून एकदाच सगळीकडे एकदम फुलते. घराच्या आत डोकावण्याआधी ओट्यावर बसलेल्या मावशींना किंवा आजींना हाक मारून विचारावे, फोटोसाठी तर विचारावेच. इथे मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे, आणि पाहुण्याला बसायला सांगण्याची रीत अजून आहे. ती सवड काढून स्वीकारावी.

आता गडाविषयी. रतनगड सुमारे १,२९७ मीटर उंच आहे. रतनवाडीतून जाणारी वाट सुरुवातीला प्रवरेचे पात्र पुन्हा पुन्हा ओलांडत दाट झाडीतून जाते आणि शेवटी लोखंडी शिड्यांवरून दरवाजात पोहोचते. वर नेढे, म्हणजे खडकाला आरपार पडलेले भोक, आहे, गुहेत रत्नादेवीचे स्थान आहे, आणि हवा स्वच्छ असेल तर अलंग, मदन, कुलंग हे गड आणि कळसूबाईचे शिखर एका नजरेत दिसतात. तरीही ज्याला केवळ दोन दिवस आहेत त्याने गडाचा मोह टाळला तरी चालेल, असे माझे मत आहे. गडाच्या वाटेवर पहिल्या तासाभरात जे जंगल लागते तेवढे पाहून परतणेही पुरेसे समाधान देते. हिरडा, बेहडा, जांभूळ, ऐन, उंबर यांच्या या रानात पहाटे शेकरूचा आवाज ऐकू येण्याची शक्यता असते. ओढ्याकाठच्या झुडपांना हात लावण्यापूर्वी नीट पाहावे, कारण हिरव्या रंगाचा विषारी चापडा साप पानांत सहज लपतो. जमिनीवर पडलेले हिरडे गोळा करून खिशात टाकू नयेत. बाळहिरडा, म्हणजे हिरड्याचे कोवळे फळ, हे इथल्या कुटुंबांच्या रोख उत्पन्नाचे साधन आहे आणि झाडांना बहुधा मालक असतो.

दुसऱ्या दिवशी साम्रदकडे निघावे. वाहनाने अर्ध्या तासात संपणारा हा रस्ता पायी चालला तरच भातशेती समजते. खाचरे ओढ्याच्या काठाने पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जातात, कारण वरच्या खाचरातले पाणी बांधातून खालच्या खाचरात सोडता आले पाहिजे. जिथे पाणी ठरत नाही त्या उतारांवर नागली, वरई आणि खुरासणी घेतली जाते. उन्हाळ्यात काही तुकडे काळे पडलेले दिसले तर ती वणव्याची खूण समजू नये. भाताचे रोप टाकण्यासाठी शेण, पालापाचोळा आणि फांद्या पसरून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू असताना बांधावरून चालायचे असेल तर आधी विचारावे आणि ओळीने चालावे. ओला बांध खचला की खाचरातले पाणी निघून जाते.

साम्रद हे गाव पाणलोटाच्या कडेवर आहे. गावाच्या एका बाजूचे पाणी प्रवरेला मिळून पुढे गोदावरीत आणि मग बंगालच्या उपसागरात जाते, तर कड्यापलीकडे पडलेले पाणी कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळते. सांधण दरी ही याच कड्यातली बेसॉल्टमधली अरुंद, खोल भेग आहे. पावसाळ्यात तिच्यात पाण्याचा लोंढा येतो, म्हणून त्या काळात आत शिरणे जिवावर बेतू शकते; हिवाळ्यातसुद्धा आत साठलेल्या थंड पाण्यातून जावे लागते आणि सुरुवातीचे मोठमोठे दगड गुडघ्यांची परीक्षा घेतात. ज्यांना दोराने उतरायचे नाही त्यांनी स्थानिक वाटाड्यासोबत दरीच्या पहिल्या टप्प्यापर्यंत जाऊन परतावे. मला स्वतःला दरीपेक्षा साम्रदहून कोकणातल्या डेहणे गावाकडे उतरणारा करोली घाट अधिक महत्त्वाचा वाटतो. दोन्ही बाजूंच्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली ही वाट आहे, आणि तिच्या माथ्यावर उभे राहिले की ही गावे जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा कोकणाला किती जवळ आहेत, ते कळते.

पाण्यामागे चालताना एक विसंगतीही समोर येते, आणि ती पाहण्याची तयारी ठेवावी. घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात चांगल्या पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी एप्रिल-मे महिन्यांत काही वाड्यांतल्या बायका हंडे घेऊन लांब जाताना दिसतात. कठीण कातळात पाणी फारसे मुरत नाही. ते उतारावरून थेट जलाशयात जाते. १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदरा धरण मुळात खालच्या प्रवरा खोऱ्यातील कालव्यांसाठी बांधले गेले, आणि तिथल्या उसाच्या मळ्यांमागे हे पाणी आहे. उन्हाळ्यात मुक्काम करणाऱ्याने बादलीभर पाण्यात अंघोळ उरकावी.

इतिहासासाठी वेगळा दिवस ठेवण्याची गरज नाही, पण राघोजी भांगरे यांचे नाव माहीत असावे. देवगावच्या या महादेव कोळी नायकाने सावकारी आणि इंग्रजी राजवटीविरुद्ध बंड केले, आणि २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. गडांच्या रखवालीवर जगणाऱ्या कुटुंबांचे जुने हक्क इंग्रजांच्या काळात गेले आणि जमिनी सावकारांकडे गहाण पडू लागल्या, हे त्या बंडामागचे कारण समजून घेतले तर गडाच्या पायथ्याची गावे आणि वरचा गड यांचा संबंध लक्षात येतो.

कधी यावे, हा प्रश्न शेवटी येतो, कारण त्याचे एकच उत्तर नाही. सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरात खुरासणीची शेते पिवळी होतात, सोनकी व तेरडा फुललेला असतो आणि नद्यांना पाणी असते. चालण्यासाठी हा काळ मी सर्वांत वर ठेवीन. दिवाळीच्या सुमारास आलात तर वाघबारशीला गुराखी वाघोबाला नैवेद्य दाखवतात, तो सोहळा निमंत्रण असेल तर लांब उभे राहून पाहावा. नोव्हेंबर ते जानेवारी गड आणि घाटवाटांसाठी चांगला. मेअखेरीपासून जोराचा पाऊस सुरू होईपर्यंत काजव्यांचे दिवस असतात, आणि त्या दिवसांत शनिवार-रविवार कटाक्षाने टाळावेत, कारण रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. काजवे प्रकाशाच्या उघडझापीने जोडीदार शोधतात. गाडीचे दिवे, विजेरी आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश त्यात अडथळा आणतात. झाडाखालच्या गवतात शिरू नये, कारण मादी काजवे तिथेच असू शकतात. गावातल्याच माणसाला सोबत घेऊन, गाडी गावात ठेवून, अंधारात डोळे स्थिरावेपर्यंत उभे राहावे. वाटाड्याचे मानधन आधी ठरवावे, ते घासाघीस न करता द्यावे, आणि निघायच्या दिवशी घाटरस्त्यावर धुके उतरण्यापूर्वी, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास, परतीला लागावे.