बोरॉन कार्बाइड: सूत्रावर विसंबून होणाऱ्या या चुका टाळा

बोरॉन कार्बाइड या बोरॉन आणि कार्बनच्या अतिशय कठीण संयुगाच्या डब्यावर 'बी४सी' (चार बोरॉनला एक कार्बन) लिहिलेले असते आणि पुढचा सगळा हिशेब त्या तीन अक्षरांवर चालतो. पण ते सूत्र म्हणजे पदार्थाचे नाव आहे, मोजलेले प्रमाण नव्हे. हीच स्फटिकरचना टिकवून कार्बनचे प्रमाण सुमारे ९ ते २० अणुटक्के (दर शंभर अणूंमागे कार्बनचे अणू) यांच्या दरम्यान बदलू शकते. भट्टीतून निघणारा कार्बनसमृद्ध पदार्थ बहुधा बी४.३सी च्या आसपास थांबतो. म्हणजे बोरॉन आणि कार्बन नेमके ४:१ घेतले, तर १०० ग्रॅममागे साधारण दीड ग्रॅम कार्बन स्फटिकाबाहेर ग्राफाइट म्हणून उरतो. एकूण कार्बन सूत्राप्रमाणे २१.७ वजनी टक्के आला म्हणून नमुना शुद्ध, असे म्हणू नका. एकूण आणि मोकळा कार्बन वेगवेगळे मोजा. तांब्याच्या क्ष-किरणांनी घेतलेल्या विवर्तन-आलेखात (एक्सआरडी) २६.५ अंशाजवळ शिखर दिसले, किंवा रामन वर्णपटात १३५० आणि १५८० प्रति सेंटिमीटरच्या आसपास पट्टे आले, तर तो मोकळा कार्बनच.

रचनेबाबतचा गोंधळ जुना आहे. १९४० च्या दशकातल्या चित्रात बोरॉनच्या १२ अणूंचा विंशतिफलक (वीस त्रिकोणी बाजूंचा पिंजरा) आणि त्यांना जोडणारी तीन कार्बनची साखळी दाखवत. तेच चित्र आजही अनेक टिपणांत उतरते. आज मान्य असलेल्या रचनेत साखळी मुख्यतः कार्बन-बोरॉन-कार्बन असते, आणि बी४सी च्या जवळ उरलेला एक कार्बन विंशतिफलकात बोरॉनच्या जागी बसतो. नेहमीच्या एक्सआरडीवरून ही वाटणी ठरवायला जाऊ नका. बोरॉनकडे ५ आणि कार्बनकडे ६ इलेक्ट्रॉन, त्यामुळे क्ष-किरणांना दोघांत फारसा फरक दिसत नाही. रिफाइनमेंटमध्ये (मोजलेल्या आलेखाशी रचनेचे गणित जुळवताना) कोणता अणू कुठे हे 'मोकळे' सोडले, तर आकडा येतो, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

घनता चुकली, तर आधी पेशी (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा एकक तुकडा) कोणती घेतली ते पाहा. ऱ्होंबोहेड्रल (तिरक्या घनासारख्या) पेशीत १५ अणू, म्हणजे बी४सी ची ३ सूत्र-एकके. षट्कोनी पेशीत ४५ अणू, म्हणजे ९. षट्कोनी मापे (५.६० आणि १२.०७ अँगस्ट्रॉम) घेऊन ३ ने गुणले, तर उत्तर ०.८४ येते, ९ ने गुणले की २.५२ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. अणुभट्टीसाठी बोरॉन-१० ने समृद्ध केलेल्या पुडीला मात्र हा आकडाही लावू नका. सगळा बोरॉन १० वस्तुमानाचा असेल, तर सैद्धांतिक घनता २.३७ च्या आसपास उतरते. तिथे २.५२ धरून सच्छिद्रता काढली, तर चांगली गोळीही नापास ठरते.

सर्वांत जास्त फसवणारी चूक एक्सआरडीच्या नमुना-धारकावर होते. कार्बन कमी झाला की पेशी फुगते आणि शिखरे कमी कोनाकडे सरकतात. पण कार्बनच्या प्रमाणाच्या संपूर्ण पट्ट्यात ए-अक्ष (षट्कोनी पेशीच्या तळाची बाजू) फक्त सुमारे ५.६० वरून ५.६५ अँगस्ट्रॉमपर्यंत जातो, ३७.८ अंशांच्या मुख्य शिखराचे सरकणे जेमतेम ०.३५ अंश. पुडी धारकात ०.१ मिलिमीटर खाली बसली, तर १५० मिलिमीटर त्रिज्येच्या यंत्रावर तेच शिखर ०.०७ अंशाने त्याच दिशेला सरकते. एवढ्यानेच पट्ट्याचा पाचवा हिस्सा खोटा दिसतो. शिवाय हलक्या अणूंमुळे किरण नमुन्यात खोल शिरतात आणि सरकण्यात भर घालतात. म्हणून प्रमाणित सिलिकॉनची पुडी थोडी मिसळा, २८.४४ आणि ४७.३० अंशांच्या शिखरांवरून उंचीची चूक काढा, पातळ थर वापरा, मगच पेशीवरून कार्बनचे प्रमाण सांगा. रासायनिक पृथक्करणाशी ताळा जुळला नाही, तर आधी पेशीच्या आकड्यावर संशय घ्या.

दळणाकडेही लक्ष हवे. हा पदार्थ अगेटपेक्षा (सिलिकाच्या कठीण दगडापेक्षा) कितीतरी कठीण. अगेटच्या खलात तो खलालाच खरवडतो आणि सिलिका नमुन्यात येते. पोलादी भांड्यातून लोखंड येते, ते हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन काढता येते. सिलिका तशी निघत नाही.

स्वतःच्या भट्टीत बोरॉन ऑक्साइड आणि कार्बनपासून पुडी करत असाल, तर समीकरणाप्रमाणे १३९.२ ग्रॅम ऑक्साइडला ८४.१ ग्रॅम कार्बन लागतो. तंतोतंत तेवढेच घेतले, तर ऑक्साइडची वाफ उडते आणि ग्राफाइट उरते. ऑक्साइड जास्त घ्या. किती, ते आपल्या भट्टीत छोटी खेप काढून मोकळ्या कार्बनवरूनच ठरवा.