मारिओ पाच जणांत: जॅझ क्विंटेटसाठी अरेंजमेंट करण्याआधीची तयारी

कार्यक्रमाला सहा आठवडे आहेत असं धरू. वादक पाच: ट्रम्पेट, अल्टो सॅक्सोफोन, पियानो, डबल बास आणि ड्रम्स. पहिला आठवडा फक्त ऐकण्यात घालवा, कागदाला हात लावू नका. व्हिडिओ गेमची धून निवडताना एकच कसोटी लावा, ती नुसत्या शिट्टीवर ओळखू येते का. कोजी कोंदो यांची 1985 सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधली जमिनीवरची धून या कसोटीला सहज उतरते, म्हणून पुढचं सगळं तिच्याच आधारानं सांगतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं 2023 मध्ये ती आपल्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतली. व्हिडिओ गेमचं संगीत तिथं पहिल्यांदाच गेलं. कार्यक्रमात तिच्या जोडीला त्याच गेममधली पाण्याखालची धून ठेवा. ती वॉल्ट्झ आहे, तीन मात्रांची, त्यामुळे ड्रमरला काठ्यांऐवजी ब्रश काढायचं निमित्त मिळतं.

मग मूळ आवाज मिळवा. खेळतानाचा व्हिडिओ लावून सूर उतरवायला बसलात तर फसाल, कारण मारिओनं उडी मारली की उडीचा आवाज एक चॅनेल, म्हणजे आवाजाची एक स्वतंत्र वाट, बळकावतो आणि तिथला सूर तेवढा वेळ गायब होतो. एनएसएफ फाइल मिळवा, तिच्यात गेमचं नुसतं संगीत असतं. ती वाजवणाऱ्या प्रोग्राममध्ये चॅनेल एकेक करून बंद करता येतात, आणि अर्ध्या तासात कोण काय वाजवतंय ते स्वच्छ कळतं.

लय कानावर सोडू नका, मेट्रोनोमवर मोजा. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ही धून नव्वदीत, नकली गेम कॅसेटवर, घरच्या टीव्हीवर ऐकली. या गेममध्ये संगीताचा वेग पडद्यावरच्या चौकटींना बांधलेला आहे. जपानी यंत्र सेकंदाला 60 चौकटी दाखवायचं, आपला पाल पद्धतीचा टीव्ही 50. जपानी गेम तसाच्या तसा 50 वर चालवला की वेग एक षष्ठांशानं उतरतो. मूळ धून मिनिटाला साधारण 200 मात्रांची, ती 167 च्या आसपास येते. मला स्वतःला स्विंगसाठी, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीसाठी, 167 च बरी वाटते, पण पाचही जणांच्या डोक्यात एकच आकडा हवा. तो पहिल्याच दिवशी ठरवा.

आता मुख्य काम. गेमच्या यंत्रातल्या आवाजाच्या चिपमध्ये चॅनेल पाचच होते: दोन पल्स (सुरावटीचे), एक ट्रँगल (खालच्या सुरांचा), एक नॉइज (खरखरीचा) आणि एक ध्वनिनमुन्यांसाठी. म्हणजे तुमच्या क्विंटेटइतकीच माणसं. ही धून मुळात तीन सुरेल आवाज आणि थोड्या खरखरीवर उभी आहे, आणि तिचा उसळतेपणा त्या मोकळ्या जागेतूनच येतो. म्हणून पियानोच्या दोन्ही हातांना भरगच्च कॉर्ड लिहून द्यायचा मोह टाळा. चार्ली रोझेन यांच्या 8-बिट बिग बँडला ‘कर्बी’ या गेम मालिकेतल्या एका धुनेच्या अरेंजमेंटसाठी 2022 मध्ये ग्रॅमी मिळालं. ते जरूर ऐका, पण त्या भल्यामोठ्या ताफ्याचं लेखन दोन हॉर्नवर, म्हणजे ट्रम्पेट आणि अल्टोवर, उतरवायला जाऊ नका. हत्तीची झूल शेळीवर घातल्यासारखं दिसतं. उलट पहिल्या भागात तिन्ही आवाज एकाच तालात उड्या मारतात, ते तसंच ठेवा. ट्रम्पेटला सुरावट, अल्टोला तिच्याखालचा आवाज, बासला मूळ खालचे सूर. पियानो चक्क गप्प बसला तरी चालेल. दुसऱ्या भागात बास स्वतःची वेगळी चाल धरतो, तिथं पियानोला आत घ्या. कॉर्डमधला तिसरा आणि सातवा सूर त्याला पुरे. पहिला सूर बास देतोच आहे. चिपच्या काही संगीतात दुसरा पल्स पहिल्याचीच सुरावट किंचित उशिरा आणि हळू आवाजात वाजवतो. तो प्रतिध्वनीचा जुगाड असतो, त्याला दुसऱ्या हॉर्नचा भाग समजून लिहू नका.

स्वरपट्टी बदला. मूळ धून सी मेजर, म्हणजे पांढरी एक. या दोन हॉर्नचे कागद पियानोहून वेगळ्या पट्टीत लिहितात, त्यामुळे सीमध्ये अल्टोवाल्याच्या कागदावर तीन शार्प येतात, ट्रम्पेटवाल्याच्या दोन. एक स्वर खाली, बी-फ्लॅटमध्ये, आपल्या पेटीच्या भाषेत काळी पाचमध्ये आणा. अल्टोला जी मिळतो, ट्रम्पेटला सी, आणि सुरावटीचं वरचं टोक ट्रम्पेटला थोडं सोपं जातं. अल्टोला ती मूळ सप्तकात द्यायची असेल तर आधी वादकाला विचारा. सगळ्यात वरचे सूर सहजी निघत नाहीत, आणि निघाले तरी किंचाळतात.

गेमचं संगीत संपत नाही, फिरत राहतं. मैफलीत ते कुठंतरी थांबवावं लागतं, आणि बहुतेक अरेंजमेंट इथंच लंगड्या पडतात. पहिला भाग चार बारचा (एक बार म्हणजे इथं चार मात्रा), तो दोनदा वाजतो, म्हणजे आठ. दुसरा भाग आठचा. पहिला-पहिला-दुसरा-पहिला अशी मांडणी केली की बत्तीस बारची, प्रत्येक जॅझवाल्याच्या ओळखीची चौकट तयार होते. सोलो त्यावर घ्या. 200 च्या लयीत एक फेरी सुमारे 38 सेकंदांची. तिघांना दोन-दोन फेऱ्या दिल्या की जवळजवळ चार मिनिटं गेली. त्याहून जास्त वेळ मागणाऱ्याला प्रेमानं नाही म्हणा.

दोन जागा लिहिताना सांभाळा. पहिल्या भागात तीन सुरांचं एक ट्रिप्लेट आहे, दोन मात्रांत तीन सूर. स्विंगच्या नादात वादक ते सपाट करून टाकतात, म्हणून कागदावर तिथं ठळक खूण करा. दुसरी जागा दुसऱ्या भागाच्या शेवटची: मूळ पट्टीत ए-फ्लॅट, बी-फ्लॅट आणि मग सी, अशा तीन मेजर कॉर्डच्या पायऱ्या. काळी पाचमध्ये त्या जी-फ्लॅट, ए-फ्लॅट, बी-फ्लॅट होतात. इथं नवी हार्मनी घालायची हुशारी करू नका. ऐकणारा या तीन पायऱ्यांसाठीच थांबलेला असतो. समाप्तीलाही त्याच तीनदा वाजवून थांबता येतं. आणि नाण्याचा तो टणत्कार, मूळ बी-ई, पियानोवर ए-डी, संपूर्ण कार्यक्रमात एकदाच. दुसऱ्यांदा कोणी हसत नाही.

कागद. मुंबईच्या फिल्मी रेकॉर्डिंगमध्ये सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या अरेंजरांनी ज्याच्या त्याच्या हातात ज्याचा त्याचा भाग लिहून द्यायची शिस्त लावली, तीच पाळा. नोटेशन लिहायचं म्यूजस्कोर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पुरेसं आहे. मात्र छापण्याआधी प्रत्येक भाग त्या वाद्याच्या पट्टीत आलाय ना, ते तपासा. एकदा मी अल्टोचा कागद पियानोच्याच पट्टीत छापून नेला, आणि तालमीतला पाऊण तास पेन्सिलीनं सूर हलवण्यात गेला. एका ओळीत चार बार, बारचे आकडे, विभागांना अक्षरं, आणि पान उलटायची जागा विश्रांतीच्या बारवर.

तालमी दोन पुरतात, मेट्रोनोमचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर लावून. सार्वजनिक कार्यक्रम असेल तर संगीताचा परवाना आयोजकानं काढलाय का, ते लेखी विचारून ठेवा. ध्वनिमुद्रण बाहेर टाकायचं तर त्याची परवानगी वेगळी. टेट्रिसची धून मूळ रशियन लोकगीत, रशियन कवी नेक्रासोव्हच्या 1861 च्या कवितेवरचं, म्हणून ती कॉपीराइटमधून मोकळी. पण 1989 च्या गेमबॉयवरची तिची मांडणी मोकळी नाही, तेव्हा मांडणी स्वतःची करा.

शेवटच्या दिवशी पिशवीत प्रत्येक भागाची एक जादा प्रत, तीन पेन्सिली आणि डझनभर कपडे वाळत घालायचे चिमटे. स्टँडच्या वर पंखा असतोच.