घरच्या सुतारकामासाठी छोटी विजेची करवत निवडताना

फणसाच्या फळीचा पाट किंवा देव्हाऱ्याची चौकट घरीच करावी, असे वाटणारा माणूस चिपळूण किंवा कुडाळच्या बाजारात विजेची करवत मागायला गेला, की त्याच्यापुढे बहुधा चार इंची मार्बल कटर ठेवला जातो. तो स्वस्त असतो आणि कित्येक सुतारही तोच वापरतात. परंतु हे यंत्र मुळात फरशी कापण्यासाठी केलेले आहे. त्याचे पाते मिनिटाला १२ ते १३ हजार फेरे घेते आणि बहुतेक कटरांत पात्याची खालची बाजू उघडीच राहते. लाकडाचे दातेरी पाते त्याला बसते, एवढ्यावरून ते लाकडासाठी योग्य ठरत नाही. अँगल ग्राइंडरला, म्हणजे धातू घासण्या-कापण्याच्या हातयंत्राला, असे पाते लावणे तर त्याहून घातक आहे.

म्हणून वॅटचा आकडा विचारण्याआधी गार्ड, म्हणजे पाते झाकणारे संरक्षक झाकण, पाहावा. खऱ्या सर्क्युलर सॉला, म्हणजे लाकडासाठीच केलेल्या गोल पात्याच्या करवतीला, खालचा गार्ड स्प्रिंगवर फिरणारा असतो. प्लग काढलेला असताना तो बोटाने मागे सारून सोडावा; कुठेही न अडखळता तो पाते झाकत जागेवर आला पाहिजे. पात्यामागे फट उघडी धरणारी पातळ पट्टी असल्यास उत्तम, कारण आपल्याकडे परसातले झाड तोडून चिरलेल्या फळ्या अनेकदा पुरत्या वाळलेल्या नसतात. अशी फळी कापताना फट मागून मिटते, पाते आवळले जाते आणि मशीन अंगावर उसळते. त्याच कारणासाठी पाते लाकडाच्या जाडीपेक्षा पाच-सहा मिलिमीटरच खाली उतरेल, अशी खोली लावता यावी. घरकामाला १२५ ते १६५ मिलिमीटरचे पाते पुरते. १८५ चे मशीन नवख्या हाताला जड जाते.

केवळ १८ मिलिमीटरचे प्लाय आणि वळणाचे आकार कापायचे असतील, तर जिगसॉ, म्हणजे वर-खाली चालणाऱ्या अरुंद पात्याची करवत, घ्यावा. त्याची रेघ तितकीशी सरळ येत नाही, पण तो उसळण्याची भीती पुष्कळ कमी असते.

सर्क्युलर सॉचे पाते टीसीटी, म्हणजे टंगस्टन कार्बाइडची टोके बसवलेल्या, दातांचे घ्यावे, आणि त्यावर छापलेली कमाल गती मशीनच्या गतीहून अधिक आहे ना, ते वाचूनच पैसे द्यावेत.

पावसाळ्यात पडवीची जमीन ओलावते, त्यामुळे मशीनवर दुहेरी इन्सुलेशनची खूण, म्हणजे चौकोनात चौकोन, असावी आणि घरच्या वायरिंगला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, असावा. चष्मा आणि मास्क जरूर लावावा. हातमोजे मात्र फिरत्या पात्याजवळ नकोत, कारण धागा अडकला तर हातही ओढला जातो.

खाऱ्या हवेने गार्डची स्प्रिंग गंजते आणि फणसाचा चिकट भुसा तिच्यात साचतो, तेव्हा काम संपल्यावर प्लग काढून ब्रशने तो भुसा झाडावा आणि गार्ड पुन्हा एकदा मागे सारून पाहावा.