बागलाणच्या डोंगरांत हिवाळ्यातील मुक्कामी भटकंती : आखणी कशी करावी

निफाडचा पारा एक आकडी झाल्याची बातमी आली की नाशिकमधील भटक्यांच्या गटांत सटाणा म्हणजेच बागलाण तालुक्यातील सेलबारी-डोलबारी रांगांचे बेत शिजू लागतात. पावसाळ्यातील निसरडे कातळ आणि उन्हाळ्यातील होरपळ या दोन्हींपासून सुटका झालेली असल्याने हिवाळा हा सर्वांत निर्धास्त मोसम मानला जातो, आणि याच समजुतीमुळे आखणीत ढिलाई राहते. मुल्हेर-मोरा, साल्हेर-सालोटा अशी तीन-चार दिवसांची भटकंती बिघडते ती थंडीने क्वचित. पाणी आणि उजेड यांचा हिशेब चुकल्याने ती बहुतेक वेळा बिघडते, असा माझा अनुभव आहे. म्हणून कोणते किल्ले पाहायचे हे ठरवण्याआधी मुक्कामाच्या प्रत्येक ठिकाणी पिण्यायोग्य पाणी आहे का, हे ठरवावे.

किल्ल्यावर टाके आहे एवढी माहिती पुरेशी नसते. ते टाके डिसेंबरात भरलेले असते की जानेवारीअखेर तळ गाठते, त्यात शेवाळ किती आहे, जनावरे उतरतात का, हे त्याच आठवड्यात पायथ्याच्या गावात फोन करून विचारावे. सातमाळा रांगेतील एका किल्ल्यावर आम्ही जुन्या माहितीच्या भरवशावर संध्याकाळी पोहोचलो, तेव्हा टाक्यात मेलेले वानर तरंगत होते आणि सहा जणांत मिळून चार लिटर पाणी उरले होते. ती रात्र निभावली, परंतु तेव्हापासून मुक्कामाला पोहोचताना प्रत्येकाच्या सॅकमध्ये किमान दोन लिटर पाणी शिल्लक असावे, हा आमचा नियम झाला. पिणे आणि स्वयंपाक धरून माणशी दिवसाला चार लिटर पाणी मोजावे. थंडीत तहान जाणवत नाही, पण चढावर घाम तितकाच जातो; त्यामुळे तहानेची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने चार घोट घ्यावेत. टाक्याचे पाणी फडक्यातून गाळून, खळखळ उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळू द्यावे.

दुसरा हिशेब उजेडाचा. डिसेंबराच्या मध्यास आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो, पण पूर्वेकडील उतारावर आणि घळीत साडेचारलाच सावली येते. चालण्याचा वेळ काढण्यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा अजूनही उपयोगी पडतो : दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. बारा किलोमीटर अंतर आणि ९०० मीटर चढ असेल तर हा हिशेब चार तासांच्या आत येतो. तो चांगल्या वाटेवरील सडसडीत माणसाचा आहे. मुक्कामाचे ओझे, घसारा आणि ढोरवाटांचे जाळे लक्षात घेता त्याची दीडपट करावी, म्हणजे सुमारे सहा तास होतात, आणि जेवण व विश्रांतीचे दोन तास वेगळे धरावेत. सकाळी आठला निघालेला गट दुपारी चारला पोहोचेल अशी आखणी असावी, तरच वाट चुकल्यास शोधायला उजेड उरतो. गावकऱ्यांनी ‘हे काय, इथंच तर आहे’ असे सांगितलेले अंतर त्यांच्या पायांचे असते, आपल्या नव्हे.

पहिल्यांदा जाणाऱ्या गटाने मुल्हेर गावातून सुरुवात करावी. पहिल्या दिवशी ताहाराबादमार्गे मुल्हेरला पोहोचून माचीपर्यंत चढावे आणि सोमेश्वर मंदिराच्या परिसरात मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी सॅक तेथेच ठेवून बालेकिल्ला आणि मोरा पाहावा, खाली उतरून वाहनाने वाघांबे गाठावे. तिसरा दिवस सर्वांत जड असतो. वाघांब्याहून साल्हेर आणि सालोटा यांच्यामधील खिंडीत चढायचे, आधी सालोटा करून खिंडीत परतायचे आणि मग कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी साल्हेर चढायचा, असा हा क्रम आहे. दुपारी एकपर्यंत गट खिंडीत परतला नसेल तर साल्हेर त्या दिवशी सोडून द्यावा आणि ही वेळ घरूनच ठरवून यावी, कारण खिंडीत उभे राहून वर पाहताना कोणाचाही निर्णय वरच्याच बाजूने झुकतो. साल्हेर १५६७ मीटर उंचीचा, म्हणजे कळसूबाईखालोखाल राज्यातील दुसरे उंच शिखर आहे, आणि त्याच्या माथ्यावर परशुराम मंदिरापाशी वारा निष्ठुर असतो. चौथ्या दिवशी साल्हेरवाडीच्या बाजूने उतरावे. हा किल्ला २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांपैकी एक असल्यामुळे गडावर रात्री राहण्याबाबतचे नियम ग्रामपंचायतीकडे आणि वनविभागाकडे आधी विचारून घ्यावेत. परवानगी नसल्यास पहाटे वाघांब्यातून निघून एका दिवसात पलीकडे उतरता येते, मात्र तेव्हा सालोट्याचा मोह आवरावा लागतो.

पावसाळ्यानंतर छातीएवढे वाढलेले गवत डिसेंबरातही अनेक ठिकाणी उभे असते, त्यात मुख्य वाट आणि ढोरवाट सारख्याच दिसतात, आणि वाळलेले गवत मुरमाड उतारावर आडवे पडले की त्यावरून पाय तेल लावल्यासारखा सुटतो. मोबाइलमधील नकाशा आधी उतरवून घेतलेला असावा, पण त्याच्यावर विसंबून वाटाड्याचे पैसे वाचवू नयेत. बागलाणात अहिराणी बोलली जाते. दोन शब्द त्या बोलीत विचारले तर माहितीही मोकळेपणाने मिळते.

हवामानाचा अंदाज निघण्याच्या आदल्या दिवशीही पाहावा. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली होती, आणि अशा पावसानंतर आकाश निरभ्र होऊन उत्तरेकडील वारे वाहू लागले की थंडी एकदम वाढते. भिजलेला माणूस आणि गार वारा ही जोडी दहा अंशांतही घातक ठरते. तंबूची जागा निवडताना एक गोष्ट विसरली जाते : शांत रात्री गार हवा जड होऊन खोलगट भागात साचते, त्यामुळे ओढ्याकाठची छान दिसणारी सपाटी पहाटे सर्वांत गारठते, तर धारेवर वारा झोडपतो. या दोन्हींच्या मधला, वाऱ्याच्या आडोशाचा पदर, म्हणजे उतारावरचा सपाट टप्पा, निवडावा. पोहोचताक्षणी घामाचा सुती कपडा बदलावा. अंगाखाली कॅरी मॅट नसेल तर महागडी स्लीपिंग बॅगही जमिनीचा गारवा अडवू शकत नाही. कोणी कुडकुडत असताना अडखळत बोलू लागला, बोटांनी चेन लावता येईना, तर त्याला लगेच कोरडे कपडे, आडोसा आणि गरम गोड पेय द्यावे. काहीही न करता त्याचे कुडकुडणे थांबले तर ती सुधारणा नसून धोक्याची खूण असते.

स्वयंपाक स्टोव्हवरच करावा, कारण वाळल्या गवतात शेकोटीची एक ठिणगी डोंगर पेटवू शकते, आणि धुराने आग्या मोहोळ उठले तर पळायला जागा नसते. बंद तंबूत किंवा गुहेत दार झाकून स्टोव्ह अथवा निखारे ठेवू नयेत. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. नुसत्या ब्युटेनच्या डब्याची ज्योत पहाटे मंदावते, म्हणून डबा आणि मोबाइलची बॅटरी रात्री अंथरुणात घ्यावी.

गटात किमान चार जण असावेत, म्हणजे एक जखमी झाल्यास एक त्याच्याजवळ थांबू शकतो आणि दोघे मदतीला जातात. घोणस आणि फुरसे दुपारी उन्हाला कातळावर येतात. दंश झाल्यास आवळपट्टी न बांधता, चीर न देता, तो अवयव न हलवता रुग्णाला उचलून तालुक्याच्या सरकारी रुग्णालयाकडे न्यावे. खाली नेणे शक्य नसेल तर ११२ आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर यांच्याशी संपर्क साधावा. त्यांचे क्रमांक कागदावर लिहून दोघांच्या सॅकमध्ये ठेवावेत. परदेशातून आणलेले उपग्रह फोन मात्र परवानगीशिवाय आपल्या देशात वापरता येत नाहीत, त्यामुळे ज्या टेकाडावर नेटवर्क येते ते वाटाड्याकडून आधीच जाणून घ्यावे.

निघताना मार्ग, मुक्काम, सदस्यांची नावे आणि पायथ्याच्या गावातील पोलीस पाटलाचा क्रमांक लिहिलेला एक कागद घरी द्यावा, आणि शेवटच्या दिवशी रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचे हे त्यावर स्पष्ट लिहावे. साल्हेरवाडीत उतरल्यावर चहा सांगण्याआधी तो फोन करावा, आणि तेथे नेटवर्क नसेल तर ताहाराबादकडे जाणाऱ्या पहिल्या गाडीवाल्याकडे निरोप द्यावा.